जमीन गेली कुठे?

प्रश्न: मागच्या अंकात इंग्लंडमधल्या फेन्स भागाबद्दल ओझरतं लिहिलं होतंत, पाण्याचा निचरा करून काळ्या पीटच्या जमिनीवर शेती केली आणि आता ती जमीनच खाली चाललीय म्हणून. जमीन जाणार कुठे? आणि यात हवामान बदलाचा काय संबंध?

उत्तर: हवेत जाते, खरंच. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात बुडून अर्धवट कुजलेलं शेवाळ, पाला, मुळं. पाण्यामुळे हवा लागत नव्हती म्हणून टिकलं, चर खणून पाणी काढलं की जिवाणू कामाला लागतात आणि सगळं कार्बन डायऑक्साइड होऊन उडतं. शिवाय सुकलेलं पीट आक्रसतं ते वेगळंच. तिथे होम फेनला 1851 च्या सुमारास एक लोखंडी खांब पुरलाय, टोक तेव्हा जमिनीच्या लेव्हलला होतं, आज ते जवळपास 4 मीटर वर आहे! खांब काही वाढला नाही.

आता यात उन्हाळे जास्त तापायला लागले की कुजणं अजून जोरात. वरचा थर भुकटी होतो आणि वसंतात जोराचा वारा सुटला की माती, बियाणं, कोवळी रोपं सगळं उचलून शेजारच्या चरात. आणि पीट एकदा कडकडीत वाळलं ना की पाणी पितच नाही, वरून ओघळून जातं. मग मोठा पाऊस आला की शेत नदीपेक्षा खाली, पंप लावून पाणी वर चढवायचं. जमीन खाली गेली की चर खोल करा, चर खोल केला की अजून पीट वाळणार... पायाखालची जमीन अशी सरकते. शेतकऱ्याला तरी काय बोलणार, बटाटा, सेलरीला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही.

प्रश्न: मग वाळवलेल्या पीटवर थंड प्रदेशात पिकाला गारठा जास्त का बसतो?

उत्तर: कोरडं पीट घोंगडीसारखं वागतं. दिवसाची उष्णता खाली मुरत नाही आणि रात्री खालची ऊब वर येत नाही, त्यामुळे वारा पडलेल्या निरभ्र रात्री पृष्ठभाग पटकन गार पडतो. म्हणून तर काही ठिकाणी पीटमध्ये वाळू किंवा चिकणमाती मिसळायचे.

उपाय म्हणाल तर चरातली पाण्याची पातळी वर आणणं. गवताच्या कुरणाला थोडी ओल चालते, भाजीच्या शेतात निदान पीक नसताना तरी पाणी वर ठेवता येतं, आणि अगदीच ओलं ठेवायचं तर पाणकणीस किंवा बोरू (दलदलीतलं उंच गवत, ताग नव्हे) लावायचा. पण त्याला गिऱ्हाईक हवं ना, गाडं तिथेच अडतं.