जॅकेट, कोटेड की स्वतः ओतलेल्या गोळ्या?

एका नेमबाज वाचकाचा प्रश्न: ९ मिमी पिस्तुलातून महिन्याला ४०० फैरींचा सराव आहे, रिलोडिंगचा (झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्याचा) प्रेस घेतला आहे, परवानगीही आहे. आता जॅकेटवाल्या गोळ्या घ्यायच्या, कोटेड गोळ्या वर्षभराच्या एकदम भरायच्या, की शिसं वितळवून स्वतःच ओतायच्या? ओतकामाच्या साहित्याला ६,००० कोटेड गोळ्यांएवढे पैसे लागतील.

कोटेड घ्या, पण वर्षभराच्या नको. आणि ओतकामात इतक्यात पैसे घालू नका.

पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी आवरण, पुन्हा पुन्हा वापरता येते. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर (दारू) यांच्या खर्चात तुमच्या हातात फारसं काही नसतं. निवडीला खरा वाव गोळीत आहे. जॅकेटवाल्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं आणि त्या कवचाचेच जास्त पैसे पडतात. कोटेड गोळीवर पॉलिमरचा थर असतो, ती सहसा बरीच स्वस्त पडते आणि कागदी लक्ष्यावरच्या सरावाला पुरेशी असते. प्लेटेड गोळीवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. फार वेगाने झाडली तर तो टिकत नाही. तुमच्या गरजेला मला ती आवश्यक वाटत नाही. हॉलो पॉइंटचा तर विचारच नको. लक्ष्यात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळीचे पैसे कागदाला भोक पाडायला कशाला मोजायचे?

ओतकामाचा हिशेब मांडू. स्वतः ओतलेली गोळी विकतच्या निम्म्या खर्चात पडते असं धरलं, तरी ६,००० गोळ्यांचा खर्च भरून यायला १२,००० गोळ्या ओताव्या लागतील. तुमच्या वर्षाच्या फैरी ४,८००. म्हणजे अडीच वर्षं, तीही तुमच्या वेळेची किंमत शून्य धरून. उघडं शिसं नळीत चिकटतं, त्यामुळे साफसफाई वाढते. नळीचे चर पॉलिगोनल (धारदार कडांऐवजी गोलसर) पद्धतीचे असतील तर ते टाळलेलंच बरं. शिवाय वितळलेलं शिसं घरात नको. घरात लहान मुलं असतील तर हा मुद्दा मी पैशांच्याही आधी ठेवतो.

मग वर्षभराचा साठा का नको? १२४ ग्रेनची गोळी सुमारे ८ ग्रॅमची. ४,८०० गोळ्या म्हणजे जवळजवळ ३८ किलो माल, आणि तो तुमच्या पिस्तुलात नीट चालतो की नाही हे अजून माहीत नाही. गोळीचा आकार किंवा वजन बदललं की त्या गोळीसाठी छापलेला लोड डेटा (किती पावडर भरायची याचा तक्ता) घेऊन किमान मात्रेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. जुनी मात्रा नव्या गोळीला लावून वेळ वाचवू नका, कारण तिथली चूक पिस्तुलाला आणि हातालाही भोवते. म्हणून आधी २०० ते ३०० गोळ्यांचा छोटा डबा घ्या. त्या बिनअडकता चालल्या आणि गट घट्ट आला (भोकं लक्ष्यावर जवळजवळ पडली), तर तीन महिन्यांच्या १,२०० गोळ्या घ्या. घाऊक सवलत तेव्हाही मिळेल.

वजनाचं म्हणाल तर १२४ ग्रेनपासून सुरुवात करा. आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या स्पर्धेत १२५ चा पॉवर फॅक्टर लागतो: ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले १,०००. १२४ ग्रेनला त्यासाठी साधारण १,०१० चा वेग हवा, १४७ ग्रेनला ८५५ पुरतो. जड गोळीचा धक्का अनेकांना मऊ वाटतो, पण तिच्यात शिसं जास्त म्हणून किंमतही जास्त. स्पर्धेत उतरणार असाल तरच तो फरक मोजा.

एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. रिलोडिंग करणाऱ्यांचा फैरीमागचा खर्च उतरतो, पण वर्षाचा उतरत नाही, कारण ४०० च्या ७०० फैरी कधी होतात हे कळतही नाही. बचत हवी असेल तर महिन्याची रक्कम ठरवा, फैरींची संख्या नव्हे. त्यातून उरेल ते दुरुस्तीसाठी वेगळं ठेवा: रिलोड केलेल्या काडतुसांमुळे झालेलं नुकसान बरेच पिस्तूल उत्पादक वॉरंटीत धरत नाहीत. पहिला डबा मागवण्याआधी तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेतलं ते पान काढून वाचा, आणि परवान्यात साठ्याची मर्यादा किती लिहिली आहे तेही बघा.