आधी दिवस मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ग्रीन कार्ड चार महिन्यांत संपतंय. बाबा म्हणतात, आधी कार्ड रिन्यू कर, मग बाकीचं बघू. ऑफिसातला मित्र म्हणतो, रिन्यूला पैसे कशाला घालवतोस, थेट सिटिझनशिपचा अर्ज टाकून दे. आणि तू या दोघांच्या मध्ये बसून दीड महिना नुसता विचार करतोयस. मला दोघांचंही म्हणणं पटत नाही, कारण दोघंही कार्डावरच्या तारखेकडे बघून बोलतायत. ती तारीख तुझा निर्णय करणार नाही. गेल्या पाच वर्षांत तू अमेरिकेत किती होतास आणि बाहेर एका दमात किती राहिलास, त्यावर सगळं ठरणार आहे. म्हणून आधी दिवस मोज.

एक भीती आधी काढून टाक. तुझं कार्ड दहा वर्षांचं आहे. कार्ड संपलं म्हणजे तुझा कायम रहिवासाचा हक्क संपला असं होत नाही. सातबाराचा उतारा जुना झाला म्हणून शेत दुसऱ्याचं होत नाही, तसंच हे. (लग्नाच्या आधारावर मिळालेलं दोन वर्षांचं सशर्त कार्ड ही वेगळी गोष्ट; तिथे अट काढून टाकायचा आय-751 अर्ज वेळेत भरला नाही तर हक्कच जातो. तुला ते लागू नाही.) पण म्हणून निवांत बसायचं असंही नाही. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने चालू पुरावा जवळ बाळगायचा, असा कायदा आहे. शिवाय संपलेलं कार्ड घेऊन मुंबईच्या विमानतळावर परतीच्या विमानाला उभा राहिलास तर काउंटरवरचा माणूस तुला अडवू शकतो, आणि कायदा त्याला तिथे समजावत बसता येत नाही.

नोकरीचं तू विचारलंस. रुजू होताना आय-9 साठी, म्हणजे कामाचा हक्क तपासण्याच्या फॉर्मसाठी, तू ग्रीन कार्ड दाखवलं होतंस ना? मग ते संपलं म्हणून कंपनीने तुझी पुन्हा तपासणी करायची नसते. नियमच तसा आहे. एचआरने नवीन कार्ड मागितलं तर शांतपणे हे सांग. उद्या नोकरी बदललीस तरी ड्रायव्हिंग लायसन्स आणि कामावर बंधन घालणारा शेरा नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड ही जोडी चालते. तेव्हा नोकरी जाईल या धास्तीने घाईघाईत अर्ज टाकू नकोस.

आता दोन वाटा. आय-90 म्हणजे कार्डाचं नूतनीकरण: ऑनलाइन 415 डॉलर, कागदावर 465. त्याची पावती जुन्या कार्डाची मुदत छापील तारखेपासून 36 महिने वाढवते. एन-400 म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज: ऑनलाइन 710, कागदावर 760. घरचं उत्पन्न कमी असेल तर 380 ची सवलत आहे, पण ती कागदी अर्जालाच. 12 डिसेंबर 2022 पासून एन-400 ची पावतीसुद्धा कार्डाची मुदत 24 महिन्यांनी वाढवते. त्याआधी कार्डाचे सहा महिने उरलेले नसले की दोन्ही अर्ज भरावे लागायचे. बाबांच्या डोक्यात तोच जुना नियम आहे, त्यात त्यांची चूक नाही. म्हणजे मित्राचं गणित कागदावर बरोबर आहे: एन-400 मंजूर होण्यासारखा असेल तर आय-90 चे पैसे वाचतात. सगळी गोम त्या ‘असेल तर’मध्ये आहे. एन-400 नामंजूर झाला तर त्या पावतीचा आधार जातो, 710 डॉलर परत मिळत नाहीत आणि मग आय-90 भरावाच लागतो. फी मधूनमधून बदलते, भरशील त्या दिवशी यूएससीआयएसच्या (हे अर्ज तपासणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या) पानावर पुन्हा पाहा.

म्हणून म्हणतो, आधी दिवस मोज. आणि अंदाजाने नाही. ‘वर्षातून एकदा जातो, तीन आठवडे राहतो’ हे उत्तर नव्हे. कागद घे, चार रकाने आख: निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, देश, बाहेरचे दिवस. चालू आणि जुना, दोन्ही पासपोर्ट काढ. कोपरा कापून रद्द केलेला जुना पासपोर्ट वहिनींनी नक्की कुठल्या तरी पिशवीत जपून ठेवला असेल, तो शोध. ग्रीन कार्डवाल्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेत बऱ्याचदा शिक्का पडत नाही, त्यामुळे लोक भारतातल्या शिक्क्यांवरून तारखा लिहितात आणि तिथे घोळ होतो. नेवार्कहून तू 9 तारखेच्या रात्री निघतोस आणि मुंबईचा शिक्का पडतो 10 तारखेच्या रात्री, किंवा मध्यरात्र उलटली की 11 तारखेचा. अर्जात 9 लिहायची. निघाल्याचा आणि परतल्याचा असे दोन्ही दिवस अमेरिकेतले धरतात. सीमेवर तपासणी करणाऱ्या सीबीपी खात्याच्या आय-94 संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर घातला की ये-जा दिसते, पण त्यातही नोंदी गळतात. विमान कंपनीच्या जुन्या ईमेलशी ताडून पाहा. चोवीस तासांच्या आत आटोपलेली नायगाराच्या पलीकडची फेरी लिहायची गरज नाही. त्याहून लांबलेली प्रत्येक फेरी लिहायची.

मोजायचं दोन प्रकारांनी, आणि लोक एकच मोजतात. पहिली बेरीज: अर्जाच्या तारखेच्या मागच्या पाच वर्षांत निदान 30 महिने, म्हणजे 913 दिवस, तू अमेरिकेत हजर असायला हवास. ती तुझी सहज भरेल. दुसरा हिशेब एकेका फेरीचा. एक फेरी सहा महिन्यांहून लांबली की तुझा सलग रहिवास तुटला असं गृहीत धरतात आणि तो तुटला नाही हे दाखवायची जबाबदारी तुझ्यावर येते. एक वर्ष किंवा जास्त झालं तर तो तुटतोच, तिथे वाद घालून उपयोग नसतो.

आजींच्या आजारपणात तू साताऱ्याला राहिलास, त्याचा तू पत्रात एका ओळीत उल्लेख केलास, जसं काही त्याचा इथे संबंध नाही. तुझा सगळा अर्ज त्या एका ओळीवर उभा आहे, बाळा. 10 जानेवारी 2023 ला निघालास, 14 ऑगस्टला परतलास. दोन्ही टोकांचे दिवस सोडून 215 होतात. आजींसाठी थांबलास ते योग्यच केलंस, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि तूही ठेवू नकोस. पण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तू का थांबलास एवढं पुरेसं नसतं. या काळात तुझं बिऱ्हाड अमेरिकेतच होतं का, हे तो बघतो. त्यासाठी नियमात ठोक मुद्दे दिलेत: इथली नोकरी सोडली नाही, तिकडे नोकरी धरली नाही, जवळचं कुटुंब इथेच होतं, इथलं घर तुझ्या हाताशी होतं.

तुझी बाजू बघू. तू साताऱ्यातून इथल्याच कंपनीचं काम करत होतास, पगार इथल्या खात्यात येत होता. उत्तम, पण तोंडी नको. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत परवानगीने बाहेरून काम केलं, पगार अमेरिकेतल्या पेरोलवर. सोबत 2023 चा डब्ल्यू-2 (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) आणि त्या महिन्यांच्या पगारपावत्या. आई-बाबा इथेच होते, त्यांच्या घराचे कागद जोड. कच्चा दुवा घराचा आहे. जाण्याआधी तू जर्सी सिटीतली भाड्याची खोली सोडलीस. ती सोडून सामान बाबांच्या तळघरात ठेवलंस, लायसन्सवरचा आणि बँकेचा पत्ता तिथला केलास, हे कागदांवर दिसायला हवं. बँकेची त्या सात महिन्यांची विवरणं, गाडीचा विमा, फोनचं बिल. परतीचं तिकीट जातानाच काढलं होतंस का? असेल तर सोन्यासारखं जप. आजींचे हॉस्पिटलचे कागदही जोड. मुक्काम का लांबला ते त्यातून कळतं.

आता माझं मत ऐक. कंपनीचं पत्र आणि पत्त्याचे कागद दोन आठवड्यांत हातात आले तर एन-400 भर, आय-90 च्या नादी लागू नकोस. पत्र मिळालं नाही किंवा पत्ता सिद्ध होत नसेल तर आता फक्त आय-90 भर आणि थांब. फेब्रुवारी 2028 उलटला की मागच्या पाच वर्षांच्या हिशेबात त्या मुक्कामाचे सहा महिन्यांहून कमी दिवस उरतील आणि ती शंकाच निघत नाही. आय-90 ची 36 महिन्यांची मुदत तोवर तुला सहज पुरते. चार महिने हातात आहेत, ते पुष्कळ आहेत. एक सल्ला वकिलाचाही घे, इमिग्रेशनच्या परवानाधारक वकिलाचा; फॉर्म भरून देणाऱ्या ‘कन्सल्टंट’चा नको. सहा महिन्यांवरची फेरी किंवा पोलिसांची कुठलीही नोंद असेल तर ते पैसे वाया जात नाहीत. मी लोकांना अर्जाआधी फार दमवतो असं तुझे बाबा म्हणतात. दमवतो. कारण अर्ज गेल्यावर लोक तारखा घेऊन येतात तेव्हा हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि अर्जाच्या निमित्ताने त्यांची सगळी फाइल उघडलेली असते.

अर्जातले बाकीचे प्रश्न बहुतेकांना सोपे जातात, पण तुला तीन ठिकाणी थांबायचंय. एक, सिलेक्टिव्ह सर्व्हिस, म्हणजे सैन्यभरतीसाठीची तरुण पुरुषांची नोंदणी. तू एकोणिसाव्या वर्षी कार्डावर आलास, म्हणजे 26 च्या आत नोंदणी करणं तुला बंधनकारक होतं. त्यांच्या संकेतस्थळावर आपला नंबर शोध. सापडला नाही तर आता नोंदणी होत नाही. त्यांच्याकडून स्टेटस इन्फर्मेशन लेटर मागव आणि नोंदणी मुद्दाम टाळली नव्हती याचं निवेदन लिही. दोन, मतदार यादी. लायसन्स काढताना काउंटरवर मतदार नोंदणीच्या चौकटीत चुकून खूण झाली असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला सांग. ही बाब सगळ्यात महाग पडते. तीन, नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, ग्रीन कार्डावर मधल्या रकान्यात, बँकेत नुसतं आद्याक्षर. जेवढी रूपं वापरलीस तेवढी ‘इतर नावं’ या रकान्यात लिही. नाव कायमचं सुटसुटीत करायचं असेल तर ते याच अर्जात मागता येतं, फक्त मग शपथ कोर्टाच्या समारंभात घ्यावी लागते आणि काही ठिकाणी त्याला वेळ लागतो. आणि हो, साताऱ्याच्या बँकेतल्या ठेवीचं व्याज अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवलं आहेस का ते पाहा. आयआरएसकडून, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडून, पाच वर्षांची टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट फुकट मिळतात, काढून ठेव.

पावती टपालाने येईल. ऑनलाइन भरलंस तरी छापील मूळ पत्र जपून ठेव. प्रवासात जुनं कार्ड आणि ते पत्र असं दोन्ही लागतं. पत्ता बदलला तर दहा दिवसांत एआर-11 भर. आणि अर्ज गेला म्हणून मोजणी संपली असं समजू नकोस. सलग रहिवास शपथेच्या दिवसापर्यंत टिकवावा लागतो. मधल्या काळात पुन्हा सात महिने कुठे गेलास तर सगळं मुसळ केरात. प्रत्येक फेरी त्याच तक्त्यात लिहीत राहा, मुलाखतीत अधिकारी नव्या फेऱ्या विचारतोच.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तू उगीच धास्ती घेतलीस. 20 ऑक्टोबर 2025 पासून भरलेल्या अर्जांना नवी चाचणी आहे: 128 प्रश्नांच्या यादीतले 20 विचारतात, 12 बरोबर आले की थांबतात. जुन्या शंभर प्रश्नांच्या ॲपवर अभ्यास करू नकोस, एवढंच. नापास झालास तरी त्याच अर्जावर आणखी एक संधी मिळते.

बाबांचं मन कशात अडकलंय ते मला कळतं. शपथ घेतलीस की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार तुझं भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपतं, कुणी काढून घ्यावं लागत नाही. ते दुःख खरं आहे, मी ते खोटं ठरवणार नाही. पण जमीन जाईल ही त्यांची भीती खोटी आहे. शेतजमीन विकत घेणं परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मना आहे आणि ओसीआयवाल्यालाही (ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड). वारसाहक्काने येणारी जमीन दोघांनाही मिळते. मतदान मात्र जातं. हे त्यांना तू समोर बसून सांग, फोनवर नको.

आणि शपथेच्या आसपास साताऱ्याचं तिकीट काढू नकोस. समारंभात ग्रीन कार्ड परत घेतात, भारतीय पासपोर्टवर प्रवास करायला त्या दिवसापासून बंदी, आणि अमेरिकी पासपोर्ट यायला काही आठवडे लागतात. क्रम असा: नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख तिथेच उभं राहून तपास, चूक असेल तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी सांग; मग पासपोर्टचा अर्ज, सोशल सिक्युरिटीत नोंद, व्हीएफएस या भारतीय दूतावासाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत भारतीय पासपोर्ट सरेंडर, आणि सरेंडरचं प्रमाणपत्र आलं की ओसीआय. ओसीआय हातात येईपर्यंत भारतात जायला व्हिसा लागेल. तक्ता भरलास की पाठव, मी तारखा तपासून देतो.

तुझा,
काका