शौचाला काळं होतंय, रक्त पातळ करणारी गोळी बंद करू का?

प्रश्न : बाबा 66 वर्षांचे. हृदयात धातूची झडप बसवल्यापासून रोज संध्याकाळी अ‍ॅसिट्रोम 2 मिलिग्रॅम घेतात. गुडघे दुखतात म्हणून आठवडाभर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेतल्या. दोन दिवस शौचाला काळं होतंय. घरची मंडळी म्हणतात, उष्णता झाली, कोकम सरबत द्या. अ‍ॅसिट्रोम बंद करू का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ही उष्णता नव्हे. जठरात रक्त सांडलं की आम्लामुळे ते काळं पडतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण रक्ताचं डांबरासारखं चिकट असतं, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहतं आणि वास अतिशय उग्र येतो. असं दिसलं की त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चक्कर, घाम, धाप किंवा रक्ताची उलटी असेल तर 108 ला फोन करा; मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका, वाटेत शुद्ध जाऊ शकते. जिथे रक्तपेढी आणि एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठर आतून पाहण्याची सोय) दोन्ही आहे तिथेच जा, निघण्याआधी विचारून घ्या. गोळ्यांची पाकिटं, अगदी डायक्लोफिनॅकचंसुद्धा, आणि आयएनआरची वही सोबत ठेवा (आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा; तो जितका जास्त तितकं रक्त पातळ). पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन बरं आलं म्हणून परत फिरू नका, ते उतरायला काही तास लागतात.

अ‍ॅसिट्रोमचा पुढचा डोस डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत थांबवा. आपल्या मनाने आठवडाभर बंद ठेवलीत तर मात्र झडपेवर गुठळी धरू शकते, ती मेंदूत गेली की लकवा. गोळी परत कधी सुरू करायची ते हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

खरा घात डायक्लोफिनॅकने केला. ती जठराचं अस्तर सोलते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही ढिल्या करते. वर अ‍ॅसिट्रोम, मग जखम मिटणार कशी? गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल 500 च्या दिवसाला चारपर्यंत गोळ्या चालतात, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त लागल्या तर आयएनआर तपासा, कारण तीही तो वाढवते.

आणखी एक, आपल्याकडचं. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला रोज पानात येतो. त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर उतरतो, डोस वाढवला जातो. पुढे भाजी संपते, वाढलेला डोस तसाच राहतो आणि आयएनआर चढतो. पालेभाजी सोडायची गरज नाही, प्रमाण बारा महिने सारखं ठेवा. पावसात ते बदललंच, तर गणपती झाल्यावर आयएनआर पुन्हा करून घ्या.