पडवीच्या भिंतीला काय लावायचं?
वर पत्रा आहे म्हणून पडवीची भिंत आतली समजू नका. साताऱ्यात पावसाळी वारं पश्चिमेकडून येतं आणि झड थेट आत शिरते. जावळी-पाटणकडे घर असेल तर विचारूच नका. माण-खटावला मात्र पावसापेक्षा ऊनच रंग खातं.

पीओपी, जिप्सम अजिबात नको, ओल लागली की पोपडे सुटतात. प्लास्टर सिमेंट-वाळूचं, १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू). निदान ७ दिवस पाणी मारा, मग महिनाभर भिंत वाळू द्या. गवंडी, पेंटर घाई करतील, ऐकू नका. ओल्या भिंतीवर महागडा रंगही टिकत नाही. भिंत वाळली की प्लास्टरवर व्हाइट सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि एक्स्टेरियर इमल्शनचे (बाहेरच्या भिंतींच्या रंगाचे) दोन हात.

खरा मार खाते ती खालची दोन-तीन फुटांची पट्टी. पागोळ्या अंगणात पडतात, मातीचे शिंतोडे भिंतीवर उडतात, डाग पडतात, मागून शेवाळ. तेवढ्यालाच टाइल्स किंवा शहाबादी लावा, बाकी भिंतीचा खर्च वाचतो. सांधे मात्र समोर उभं राहून भरून घ्या.

बजेट अगदीच कमी असेल तर सरळ चुना द्या. वर्षाला परत द्यावा लागेल, पण भिंतीतली ओल कोंडून राहत नाही.