आइसलंडची गायिका ब्यॉर्क हिच्या 'पोस्ट'मध्ये प्रत्येक गाण्याचा बाज वेगळा आहे. याला अल्बम म्हणायचं की नुसती सरमिसळ? आणि आधी तिचा याच्या अगोदरचा अल्बम 'डेब्यू' ऐकावा का?

सरमिसळ आहेच. मग? जिथे एकाच सिनेमात भूपाळी, लावणी, कव्वाली आणि क्लबातलं गाणं एकच संगीतकार देतो आणि आपण तिकीट काढून ऐकतो, तिथल्या माणसाला हा प्रश्न पडावा याचंच मला नवल वाटतं. तुमच्यावर राग नाही. हा प्रश्न मी घरात फार ऐकलाय.

माझा आतेभाऊ, आमचा दादा, नव्वदच्या दशकात बोटीवर होता. सुट्टीवर आला की बॅगेत कॅसेटी असायच्या. १९९५ सालचा 'पोस्ट' आमच्याकडे आला तो असाच. कव्हरवर ब्यॉर्क पांढऱ्या जाकिटात, जाकिटाच्या कडांना एअरमेलच्या पाकिटासारखे लाल-निळे पट्टे. ते मला लांबून दाखवलं. हातात दिली ती त्याने डबल डेकवर स्वतः 'नीट लावलेली' कॅसेट. ए बाजूला संथ गाणी, बी बाजूला दणदणीत. 'इट्स ओह सो क्वाएट' टीव्हीवर लागायचं म्हणून सगळ्यात आधी. 'कव्हर मी' गाळलेलं, कारण काय, तर 'नुसती कुजबुज आहे'.

आणि 'हायपरबॅलड'! ते सुरू होतं अगदी हळू. डोंगरावर राहणारी बाई पहाटे, जोडीदार उठायच्या आत, कड्यावरून गाडीचे सुटे भाग, बाटल्या, काटेचमचे खाली फेकत बसते, म्हणजे मग तो उठल्यावर त्याच्या कुशीत सुरक्षित वाटतं. शेवटाकडे हाऊसचा, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीताचा ठोका जोर धरतो, वर देओदातो या संगीत संयोजकाची व्हायोलिनं. आता हे कुठल्या बाजूला घालणार? दादाने संथ बाजूला घातलं, आणि ठोका चढायला लागला तिथे आवाजाचं बटण हाताने फिरवत गाणं विझवून टाकलं. 'तिथून पुढे ते वेगळंच गाणं होतं,' म्हणाला.

त्या कॅसेटवर एका बाजूला झोप यायची, दुसऱ्या बाजूला डोकं दुखायचं. पुढे तो बोटीवर असताना आत्याकडे मूळ कॅसेट मिळाली. 'आर्मी ऑफ मी'चे ते अंगावर येणारे ड्रम, मग हायपरबॅलड अख्खं, मग चौथ्या नंबरवर 'इट्स ओह सो क्वाएट'ची ब्रासबँडसकट किंचाळी, आणि लगेच पाठोपाठ ट्रिकी या ब्रिटिश संगीतकाराबरोबर केलेलं काळंकुट्ट 'एन्जॉय'. त्यानंतर दोन-अडीच मिनिटं फक्त तंतुवाद्यं आणि तिचा आवाज. कान निवतात. पण आधीची दोन गाणी झाली असतील तरच. हे त्या गणपतीत दादाला सांगायला गेले, तर आत्या ओरडेपर्यंत आरती आमच्यासाठी खोळंबली. त्याचं एकच पालुपद: 'तिला स्वतःचा असा बाजच नाही.'

बाज नाही? अकरा वर्षांची असताना आइसलंडमध्ये तिने गाणी रेकॉर्ड केली आणि १९७७ साली तिच्या नावाने रेकॉर्ड निघाली. त्यामुळे 'पोस्ट'ला दुसरा अल्बम म्हणणंही तसं सोयीचंच. पुढे पंक बँड, मग शुगरक्यूब्ज हा रॉक बँड, १९९० साली जॅझ त्रिकुटाबरोबर आख्खी जॅझची रेकॉर्ड. त्यामुळे ते ब्रासबँडचं गाणं कुठून आकाशातून पडलेलं नाही. 'डेब्यू' जवळजवळ सगळा नेली हूपर या एकाच निर्मात्याबरोबर झाला, म्हणून तो एकसंध वाटतो. 'पोस्ट'ला तिने हूपर ठेवलाच, शिवाय ग्रॅहम मॅसी, ट्रिकी, हाउवी बी असे वेगवेगळ्या घरचे लोक घेतले. बहामात लांबलचक वायरचा माइक घेऊन समुद्रकिनाऱ्यावर गायली, आणि मग फार यांत्रिक वाटतंय म्हणून लंडनला परतून खरी वाद्यं भरली. एवढा खटाटोप ओळख नसलेला माणूस करत नाही. सगळ्या अकरा गाण्यांत तिचा तो अक्षरं चावून, मध्येच घसा फाडून गाण्याचा ढंग तोच आहे. डोळे मिटून ओळखाल.

आता 'डेब्यू' आधी की नंतर? नाचायला आवडत असेल तर आधी ऐका. त्यातल्या 'व्हीनस ॲज अ बॉय'ची व्हायोलिनं तबलावादक तलविन सिंगने मुंबईत सिनेमाच्या वादकांकडून वाजवून घेतली आहेत, ती आपल्या कानाला लगेच ओळखू येतील. नाहीतर थेट 'पोस्ट' घ्या, काही बिघडत नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. 'इट्स ओह सो क्वाएट' तिचं स्वतःचं नाही, १९५१ साली बेटी हटनने गायलं होतं. इंग्लंडात तेच सगळ्यात जास्त चाललं, आणि माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात हलकं गाणंही तेच. दादाचा मुद्दा तेवढ्यापुरता धरता येईल. तेवढ्यापुरताच.

शफल बंद करून ऐका, हेडफोन लावून. शेवटच्या गाण्याचं नावच 'हेडफोन्स' आहे आणि ते कुणीतरी दिलेली टेप ऐकत झोपी जाण्याबद्दल आहे. दादाने तेही बी बाजूला, सगळ्या दणदणाटाच्या मधोमध घातलं होतं, कारण ए बाजूला जागा उरली नव्हती. हल्ली तो गाडीत हाच अल्बम शफलवर लावतो आणि मला विचारतो, 'बघ, काही फरक पडतो का?' पडतो.