ऑस्ट्रेलियात ‘फुटी’च्या, म्हणजे तिथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, सामन्यात शेजारचे प्रेक्षक आदिवासी खेळाडूला वाईटसाईट बोलत होते. आपण बाहेरून आलेल्यांनी मधे पडावं का?

पडावं. ‘आपल्याला काय करायचंय’ हे पर्थमधल्या आपल्याच माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

26 जुलै 2015. पर्थचं सुबियाको ओव्हल मैदान, इथला वेस्ट कोस्ट संघ विरुद्ध सिडनी स्वान्स. माझे साडू नुकतेच इथे राहायला आले होते, त्यांना फुटी दाखवायला घेऊन गेलो. सिडनीकडून आदिवासी खेळाडू ॲडम गुड्स होता. दोनदा ब्राउनलो पदक (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं), आदल्याच वर्षी ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’. त्याच्या 37 नंबरकडे चेंडू आला की स्टँडभर हुर्यो, चेंडू दुसऱ्याकडे गेला की आवाज बंद. पुढच्या रांगेत एक बाप तोंडाभोवती हात धरून ओरडत होता आणि त्याचं सात-आठ वर्षांचं पोरगं बापाकडे बघत तस्सेच हात धरत होतं. थोड्या वेळानं तोच आवाज माझ्या शेजारून आला. साडू! मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हटलं, ‘‘हे माझ्या शेजारी बसून चालणार नाही.’’

‘‘अहो, सगळेच करतायत. यात रंगाचा काय संबंध? तो सिडनीचाच फ्रँकलिनही आदिवासीच ना, त्याला कुठे कोण चिडवतंय?’’

हा मुद्दा तेव्हा रेडिओवरही रोज चघळला जायचा. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: गुड्स बोलला म्हणून. 2013 मध्ये मेलबर्नच्या मैदानावर तेरा वर्षांच्या मुलीनं त्याला ‘एप’ (वानर) म्हटलं, त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितलं की तिला दोष देऊ नका. पुढे आदिवासींच्या इतिहासाबद्दलही तो उघड बोलत राहिला. मे 2015 मध्ये कार्लटनविरुद्ध गोल मारून त्यानं आदिवासी मुलांच्या संघाकडून शिकलेला युद्धनाच केला, तर म्हणे प्रेक्षकांना चिथावलं. आदिवासी खेळलेला चालतो, बोललेला चालत नाही, एवढंच ते आहे.

वंशावरून शिवी दिली तर कारवाई होते. निकी विनमार या आदिवासी खेळाडूनं 1993 मध्ये प्रेक्षकांच्या शिव्यांना उत्तर म्हणून जर्सी वर करून स्वतःच्या कातडीकडे बोट दाखवलं, 1995 मध्ये मायकल लाँग या दुसऱ्या आदिवासी खेळाडूनं मैदानावरच्या शिवीची तक्रार लावून धरली, तेव्हा कुठे तो नियम आला. हुर्योत शब्दच नसतो, मग नियम कशाला लावणार? म्हणून शेजारी बसलेल्या माणसानंच बोलायला हवं. सुबियाकोच्या त्याच सामन्यात सिडनीच्या लुईस जेटानं गोल मारून भाला फेकल्याचा आविर्भाव केला. तो इथल्याच नूंगार आदिवासींपैकी. आपला सहकारी एकटा पडू नये म्हणून त्यानं ते केलं आणि मला ते फार मोठं वाटतं.

पुढच्या सामन्याला गुड्स उतरलाच नाही. सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला. फुटीच्या लीगनं (एएफएल) आणि अठराही क्लबांनी माफी मागितली ती 2019 मध्ये. 2021 मध्ये त्यानं लीगच्या हॉल ऑफ फेमचा सन्मान नाकारला, आणि बरोबर केलं.

साडू त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी तुटक वागले. जानेवारी 2021 मध्ये सिडनी कसोटीत सिराजला प्रेक्षक वाईट बोलले, तो पंचांकडे चालत गेला आणि खेळ थांबला. घरच्या ग्रुपवर सगळ्यात संतापलेले मेसेज साडूंचे. संताप योग्यच होता. पण मग सुबियाकोवर वेगळं काय चाललं होतं? आणि 2007 मध्ये आपल्या वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाच्या नकला करून चिडवलं, तेव्हा हा संताप कुठे होता? हे मी ग्रुपवरच विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर स्टँड आणि रांग लक्षात ठेवा, सुरक्षारक्षकाला सांगा. मोठ्या मैदानांवर तक्रारीसाठी मेसेजचा नंबर असतो, तो वापरा. समोरचे प्यायलेले असतील आणि तुम्ही एकटे असाल तर अंगावर जाऊ नका, व्हिसावर असाल तर हातघाईवर तर मुळीच नको. मात्र तुमच्याबरोबर आलेला आपलाच माणूस हुर्यो करत असेल तर रक्षकाची वाट बघू नका, त्याला तिथेच थांबवा. नातं ताणलं गेलं तरी चालेल.