भारतात 'फर्स्ट डिग्री मर्डर' कशाला म्हणतात? ठरवून केलेला खूनच सर्वांत गंभीर धरतात का?

डिग्री ही अमेरिकेतली भानगड. 1794 साली पेनसिल्व्हेनियाने पहिल्यांदा अशी विभागणी केली: विष घालून, दबा धरून, आधी विचार करून मारलं किंवा जाळपोळ, बलात्कार, जबरी चोरी, घरफोडी करताना मारलं तर पहिली डिग्री, आणि फाशी फक्त तिलाच. आपल्या कायद्यात सदोष मनुष्यवध आणि खून एवढंच आहे. खुनाच्या शिक्षेचं जुनं कलम 302 आता भारतीय न्याय संहितेत 103 झालंय.

पण तुमच्या प्रश्नातला 'ठरवून' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. हाच शब्द आमच्या घरात पंचवीसएक वर्षं भांडणाला पुरलाय.

1997 सालची गोष्ट. मी 19 वर्षांची होते. सामाईक विहिरीच्या पाळीवरून आबांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं सकाळी वाजलं. शिव्यागाळी झाली, तो तणतणत वस्तीवर निघून गेला. आबा पाटाकडे गेले, मी गव्हात दारं धरत होते. एक वाफा भरला, दुसरा भरत आला, तेवढ्यात तो कुऱ्हाड घेऊन परत आला. आबा पाटात वाकलेले होते. कानामागे एकच घाव. पाणी तसंच वाहत होतं, मला दार बंद करायचंही सुचलं नाही.

खटला उभा राहायच्या आधी भावकीतून निरोप आला. मी साक्षीत एवढंच म्हणायचं, की कुऱ्हाड बांधावरच पडलेली होती. दादा म्हणाला, "एका वाक्याने काय बिघडतंय? आबा परत येणार आहेत का? आपल्याला इथेच राहायचंय."

सगळं त्या एका वाक्यावरच अडलेलं होतं. अचानक भांडण पेटलं, तिथल्या तिथे रागाच्या भरात हात उचलला, समोरच्याच्या असहायतेचा गैरफायदा घेतला नाही, तर खुनाला अपवाद लागू होतो आणि 302 चं 304 होतं, म्हणजे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, शिक्षा कमी. कुऱ्हाड बांधावर असती तर तो अपवाद मागता आला असता. घरी जाऊन आणली म्हटल्यावर कठीण. नानावटी खटल्यात अपवाद वेगळा, अचानक चिथावणीचा होता, पण 1961 साली सुप्रीम कोर्टाने असंच धरलं: बायकोने परपुरुषाशी संबंधांची कबुली दिल्यावर नानावटी घरून निघाला आणि त्या माणसावर गोळ्या झाडल्या, यात तीन तास गेले, तेवढ्यात राग निवायला वेळ होता.

उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, "हातात घड्याळ होतं?" नाही म्हटलं. "मग मधे किती वेळ गेला ते कशावरून सांगता?" मी म्हटलं, "दोन वाफे भरले तेवढा." न्यायाधीशांनी मान वर केली आणि वाफा किती लांब होता ते विचारलं. निकालपत्रात ते दोन वाफे आहेत. जन्मठेप झाली.

दादा अजून म्हणतो, त्याने ठरवून मारलं नव्हतं, एकच घाव होता, त्याला इतकी शिक्षा नको होती. दादा चुकतोय. आपला कायदा आधी कट रचला होता का, हे खुनासाठी विचारतच नाही. 1958 च्या विरसा सिंग खटल्यातही भाल्याचा एकच वार होता. न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं, की ती जखम करायचीच होती का आणि ती निसर्गक्रमाने मरण यायला पुरेशी होती का, एवढं पाहायचं. जीव घ्यायचाच होता, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आमच्या खटल्यात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे लाखेच्या सीलचं पुडकं फोडून कुऱ्हाड धरली आणि हाच प्रश्न विचारला. ते "होय" म्हणाले, तेव्हा दादा बाहेर व्हरांड्यात होता.

तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. सर्वांत गंभीर कोणता, हे आपल्याकडे व्याख्येत कमी आणि शिक्षेत जास्त ठरतं. 1980 च्या बचन सिंग निकालानुसार फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. आमच्या सरकारी वकिलांनी ती मागितली नाही, आणि तेच बरोबर होतं. नव्या संहितेत पाच किंवा जास्त जणांच्या जमावाने वंश, जात, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी 103 मध्येच वेगळं पोटकलम आहे.

मी वकील नाही, शाळेत शिकवते. एकाच घावात 304 लागलेल्या केसेसही आहेत. हत्यार, जागा, जोर, आधीचं भांडण, सगळं बघतात. तेव्हा माझ्या लिहिण्यावरून स्वतःच्या केसचा अंदाज बांधू नका.

पण कधी साक्षीदार झालात तर पोलिसांनी लिहिलेला जबाब वाचून दाखवायला सांगाच. माझ्या जबाबात 'थोड्या वेळाने' एवढंच लिहिलं होतं, वाफे नव्हते, आणि ते मी मागाहून रचले म्हणून वकिलांनी मला अर्धा तास उभं धरलं. थोडा म्हणजे किती आणि कशावरून, ते तिथेच लिहून घ्या. आणि घरातलं कुणी एक वाक्य बदलायला सांगत असेल तर त्याला आधी विचारा, तो तेव्हा शेतावर होता का. दादा त्या दिवशी तालुक्याला गेला होता.